गुडघ्याखालची हवा

हिवाळ्यात भल्या पहाटे ब्रॉयलरच्या शेडमध्ये शिरलं की पहिली पाच मिनिटं नाक सांगतं, पुढची पाच डोळे सांगतात आणि मग कोणीच काही सांगत नाही. दोन्ही बाजूंचे पडदे वरपर्यंत ओढलेले असतात. आत पाच हजार पक्षी आणि पायाखाली तीन आठवडे वापरलेलं तूस. दार उघडताच झणका बसतो, घसा खवखवतो, डोळ्यांना पाणी येतं. आपण दोनदा नाक ओढतो, कामाला लागतो आणि थोड्या वेळाने वाटतं, आज तेवढं काही नाही. हवा तीच असते, नाकाने संप पुकारलेला असतो.

नाकाच्या या संपावर माझी अकरा वर्षांची नोकरी चालली. शेडमधला अमोनिया प्रकाशाने मोजायची यंत्रं आम्ही बनवायचो, बसवायचो आणि बहुतेक वेळ ती पुसत बसायचो. घरी परतले की आई मला उंबऱ्याबाहेर थांबवायची. कपडे थेट मागच्या बादलीत. एसटीत शेजारचा माणूस खिडकी उघडायचा आणि मला कळायचं नाही का उघडली. अमोनियाचा वास बऱ्याच जणांना ५ पीपीएमला, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत पाच भाग असले तरी येतो. मलाही येत असे. आता किती झाल्यावर येतो, ते मी स्वतःवर मोजून पाहिलेलं नाही. धीर होत नाही.

या वायूशी माझी पहिली गाठ मात्र कल्हईवाल्याने घालून दिली. वर्षातून दोनदा तो आमच्या बोळात भाता मांडायचा. पातेलं लाल होईस्तोवर तापवून त्यात कथील फिरवायचा, त्यावर नवसागराची चिमूट टाकायचा. भसकन पांढरा धूर निघायचा, आम्ही पोरं डोळे चोळत मागे पळायचो आणि पुन्हा पुढे यायचो. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, तापला की त्यातून अमोनिया सुटतो, हे एमएस्सीला कळलं. पुढे पोल्ट्रीत पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा डोळ्यांना ओळख आधी पटली आणि मेंदूला नंतर.

भोसरीच्या एका गाळ्यात आमची चार माणसांची कंपनी होती. सुरुवातीला आम्ही प्रकाशाच्या वाटेला गेलोच नव्हतो. बाजारात तयार सेल मिळायचे: आत इलेक्ट्रोलाइट, वायू आत शिरला की रासायनिक क्रिया होते आणि बारीकसा करंट वाहतो. तेवढा मोजायचा की झालं काम. हे सेल मुळात कोल्ड स्टोरेजसाठी केलेले. तिथे अमोनिया नळ्यांच्या आत असतो आणि गळती झाली तरच बाहेर येतो, म्हणजे सेलला वर्षभर आराम. कोंबड्यांच्या शेडमध्ये त्याला चोवीस तास तोच खुराक. आम्ही पहिले सहा सेल साताऱ्याच्या बाजूला बसवले. दिवाळीनंतर एका शेतकऱ्याचा फोन आला.

"ताई, शून्य आलंय! तीन दिस झालं, शून्यच हाय."

मी गेले. त्याने पडदे बंद ठेवले होते, कारण आकडा शून्य होता. आकडा शून्य म्हणजे हवा चांगली, हवा चांगली म्हणजे पडदा उघडून ऊब घालवायचं कारण नाही. त्याचं काही चुकलं नव्हतं. मी आत गेले, भिंतीवरचा शून्य पाहिला, अर्धा मिनिट मलाही बरं वाटलं. मग डोळे झोंबायला लागले. सेल मेला होता. मेलेला सेल आणि स्वच्छ हवा, दोघांचा आकडा एकच. त्या बॅचची मरतूक वाढली. नुसत्या आमच्या सेलमुळे वाढली असं नाही म्हणता येणार, पण नाही वाढली असंही मी त्या माणसाच्या तोंडावर म्हणू शकले नाही. त्याने मला चहा दिला. तो घशाखाली उतरेना.

त्या रात्री एसटीत बसून मी वहीत एक ओळ लिहिली: आंधळं झाल्यावर 'मी आंधळं झालोय' असं सांगणारं यंत्र पाहिजे. कोंबड्यांचं, शेतीचं, वायुविजनाचं मला तेव्हा काडीचं कळत नव्हतं. पण प्रकाशाचं थोडंफार कळत होतं.

प्रकाशाने मोजायची युक्ती जुनीच आहे. प्रत्येक वायू ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश खातो, बाकीचा सोडून देतो. अमोनियाला १० मायक्रॉनच्या आसपासचा अवरक्त प्रकाश सगळ्यात जास्त आवडतो. त्याचा रेणू छत्रीसारखा असतो, वर नायट्रोजन आणि खाली तीन हायड्रोजनच्या काड्या. ही छत्री सारखी उलटीसुलटी होत असते. याच उलटण्याचा उपयोग करून चार्ल्स टाउन्स यांनी १९५४ मध्ये कोलंबिया विद्यापीठात पहिला मेसर चालवला आणि त्यातूनच पुढे लेसर आला. म्हणजे अमोनिया हा लेसरच्या घराण्यातला आजोबा. त्याच्या नातवाला घेऊन आम्ही कोंबडखतात उतरलो होतो.

१० मायक्रॉनचे लेसर आमच्या खिशाला परवडणारे नव्हते. पण १.५ मायक्रॉनपाशी, नेमकं सांगायचं तर १५१२ नॅनोमीटरला, अमोनियाची एक छोटी रेघ आहे. तिथे तो प्रकाश फार कमी खातो, पण पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड मध्ये लुडबुडत नाहीत. शिवाय या भागातले लेसर टेलिफोनच्या फायबरसाठी बनत असल्याने आवाक्यातले. प्रकाश कमी खातो? मग त्याला लांब चालवा. दोनशे फुटांच्या शेडच्या एका टोकाला लेसर, दुसऱ्या टोकाला परावर्तक. जाऊन-येऊन १२० मीटर. एवढ्या वाटेत १ पीपीएम अमोनिया हजारातले दोन-तीन भाग प्रकाश गिळतो. पकडता येण्याजोगं.

आणि धुळीचं काय? सगळे हेच विचारायचे, आणि मला उत्तर द्यायला आवडायचं. लेसरचा करंट किंचित कमी-जास्त केला की त्याची तरंगलांबी सरकते. सेकंदात कित्येकदा आपण त्या रेघेच्या अलीकडून पलीकडे जाऊन येतो. धूळ आली की रेघेवरचा आणि रेघेच्या दोन्ही बाजूंचा प्रकाश सारखाच कमी होतो. अमोनिया आला की फक्त रेघेवर खड्डा पडतो. बाजूचा प्रकाश म्हणजे आपला पासंग. वाणी तराजू उचलून आधी पासंग बघतो आणि मग माल टाकतो, तसं हे यंत्र प्रत्येक वेळी आधी स्वतःकडे बघतं. आणि सगळाच प्रकाश गेला तर? तर ते शून्य दाखवत नाही. दिसत नाही, असं सांगतं. माझ्या वहीतल्या ओळीला जोड सापडली होती.

गाळ्यात सगळं छान चाललं. म्हणजे, आधी नाही चाललं. सिलिंडरमधून ठरलेल्या प्रमाणाचा वायू सोडून आकडा पडताळायचा होता. वायू सोडला की आकडा आळोखेपिळोखे देत वर चढायचा आणि बंद केला तरी वीस मिनिटं खाली यायचं नाव नाही. तीन आठवडे आम्ही सर्किट उसवत होतो. दोष नळीचा होता. साधी पीव्हीसीची नळी. अमोनिया भिंतीला चिकटतो, ओलाव्याला चिकटतो, आणि मग सावकाश सुटत राहतो. टेफ्लॉनची नळी आणली आणि आकडा शहाण्यासारखा वागू लागला. सिलिंडरला पितळी रेग्युलेटर लावायचा पराक्रमही आम्ही करून बसलो. तांबं आणि पितळ अमोनिया खाऊन टाकतो, तिथे स्टेनलेस स्टीलच लागतं. हे कोणाही पोल्ट्रीवाल्याला विचारलं असतं तर त्याने शेडच्या दाराचं हिरवं पडलेलं कुलूप दाखवलं असतं. पहिल्या वर्षी शेडमधून परत आलेल्या आमच्या सर्किट बोर्डांवरही तांब्याच्या रेघा निळ्या-हिरव्या, मोरपंखी झाल्या होत्या. दिसायला सुंदर. चालायला बंद.

नळीचा त्रास पाहिल्यावर उघड्या हवेतून किरण पाठवायची आमची पद्धत जास्तच पटली. मधे नळी नाही, पंप नाही, फिल्टर नाही, चिकटायला काही नाही. तुलनेसाठी एका कॉलेजातली मंडळी ध्वनीवर चालणारं उपकरण घेऊन आली होती. त्यात कोठडीतल्या वायूवर लुकलुकता प्रकाश टाकतात, वायू प्रकाश खाऊन तापतो, फुगतो, आकसतो आणि त्याचा बारीक आवाज होतो. मायक्रोफोन तो ऐकतो. ग्रॅहॅम बेल यांना हा परिणाम १८८० मध्येच दिसला होता. उपकरण देखणं, पण हवा नळीने ओढून घेणारं. त्यांच्या नळीत पहाटे दव साचलं आणि अमोनिया त्या दवातच विरघळून बसला. मी सहानुभूतीने गप्प राहिले. मनातून थोडी खूशही झाले, खोटं का बोला.

ती खुशी फार टिकली नाही. पहिलं लेसर यंत्र बसवताना मी शाळेतलं विज्ञान वापरलं. अमोनियाचा रेणुभार १७, हवेचा सरासरी २९. हलका वायू वर जाणार. म्हणून मी किरण छताच्या कैचीलगत, बारा फुटांवर लावला. वर धूळ कमी, कोंबड्यांचा धक्का नाही, वायरही सोपी. दोन महिने सुरेख, सपाट आकडे आले. शेतकरी वयस्कर होता, पोल्ट्रीत येण्याआधी म्हशी सांभाळलेला. तो रोज मान वर करून यंत्राकडे बघायचा आणि काही बोलायचा नाही. एक दिवस म्हणाला, "ताई, माझी कोंबडी तिथं टांगलीय का?"

मी त्याला रेणुभार समजावायला लागले. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "खाली बसा." मी तुसावर उकिडवी बसले. डोकं गुडघ्याच्या उंचीला आलं आणि श्वास अर्ध्यावरच अडकला. वायू हलका असेल, पण तो जन्मतो तुसात. कोंबडी लघवी करत नाही. तिच्या विष्ठेवरचा पांढरा ठिपका म्हणजे युरिक आम्ल, आणि ओल नि ऊब मिळाली की तुसातले जिवाणू त्याचा अमोनिया करतात. जिथे जन्म तिथेच तो सर्वांत दाट, आणि वर जाता जाता पातळ होतो. पडदे बंद, हवा हलत नाही, त्यामुळे खालचं खालीच. मी दोन महिने कोणी श्वास न घेणारी हवा मोजत होते.

नंतर वाचताना युरोपीय संघाचा २००७ सालचा ब्रॉयलरविषयीचा निर्देश हाती आला. दाटीने पक्षी ठेवायचे असतील तर अमोनिया २० पीपीएमच्या वर जाता कामा नये, आणि मोजायचं कुठे, तर कोंबड्यांच्या डोक्याच्या पातळीवर. एवढं स्पष्ट लिहिलेलं. म्हशीवाल्याने ते न वाचता सांगितलं, मला वाचूनही आधी सापडलं नव्हतं.

किरण खाली आणला, फूट-दीड फुटावर, बाजूच्या भिंतीलगत, पुढे जाळीची पट्टी लावून. आणि खरा संसार सुरू झाला. वर जे काही नव्हतं ते सगळं खाली होतं. पाचव्या आठवड्यातला पक्षी मान उंच करून जाळीवरून डोकावतो आणि किरण तुटतो. ते आम्ही पापणी लवल्यासारखं धरायला यंत्राला शिकवलं. कोळी तर परावर्तकाच्या तोंडाशी रोज नवं जाळं विणायचा. माश्या काचेवर ठिपके सोडायच्या. उन्हाळ्यात फॉगर सुरू झाले की सगळी शेड धुक्यात. दुपारी पत्रा तापला की लोखंडी खांब किंचित वळतात. किती? एका अंशाचा सतरावा भाग, डोळ्याला दिसणारही नाही. पण तेवढ्यात ६० मीटरवर किरण ६ सेंटिमीटर सरकतो, आणि आमचा परावर्तक ५ सेंटिमीटरचा होता. रोज दुपारी दोन ते चार यंत्र आंधळं. लेसर पत्र्याच्या सांगाड्यावरून काढून जमिनीत रोवलेल्या वेगळ्या खांबावर लावायला हवा, हे कळायला एक अख्खा उन्हाळा गेला. पहाटे काचेवर दव धरायचं, म्हणून काचेमागे छोटा हीटर दिला. या हीटरची आठवण पुढे येईल.

यंत्र स्वतःचं आंधळेपण सांगतं याची किंमत इथे कळली. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू आला, देशातला पहिला. तेव्हापासून जुने पोल्ट्रीवाले बाहेरच्या माणसाला सहजी आत घेत नाहीत. दाराशी जंतुनाशकात पाय बुडवा, गाडीची चाकं फवारा, आणि सकाळी दुसरीकडच्या शेडमध्ये गेला असाल तर आमच्याकडे उद्या या. बरोबरच आहे त्यांचं. पण त्यामुळे मला दिवसाला एकच शेड करता यायची. बिघाड कुठे झालाय हे यंत्रानेच सांगितलं नसतं तर वर्षभर फिरूनही माझी फेरी पुरी झाली नसती.

चुन्याचा किस्सा सांगायलाच हवा. सांगलीकडच्या एका तरुण शेतकऱ्याच्या शेडमध्ये आकडा २८ वर गेला. त्याने मला न विचारता, पूर्वापार पद्धतीप्रमाणे, तुसावर चुना मारला आणि तूस खालीवर केलं. तासाभरात आकडा ६० च्या वर. त्याचा फोन आला तेव्हा तो चिडलेला होता. "म्याडम, तुमचं यंत्र उलटं चालतंय. औषध केलं की ताप वाढतोय." यंत्र सुलटंच चालत होतं. चुन्याने ओल सुकते हे खरं, पण तूस जास्त अल्कधर्मी होतं, आणि तुसात अमोनियम म्हणून अडकून बसलेला नायट्रोजन अमोनिया होऊन मोकळा सुटतो. त्यात फावड्याने खालचा थर वर आणला, म्हणजे आगीत तेल. रिकाम्या शेडमध्ये बॅचच्या आधी चुना मारा, पक्षी आत असताना नको, हे मी सांगितलं. सुपर फॉस्फेटसारखं आम्लाकडे झुकणारं काही टाकलं तर अमोनिया धरून ठेवता येतो, हेही सांगितलं. पण त्याचा माझ्यावर विश्वास बसायला दोन बॅच लागल्या. ज्या बापाने त्याला चुना मारायला शिकवलं होतं तो शेजारीच खाटेवर बसलेला होता. त्याच्यासमोर मी बोलले ही माझी चूक. बाहेर बोलावून सांगायला हवं होतं.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते एका मावशींनी. ब्रूडिंगच्या दिवसांत पिल्लांना ३३ अंशांच्या आसपास ऊब लागते, रात्रभर कोणीतरी जागं हवं. म्हणून मजुरीवरचं जोडपं शेडमध्येच झोपायचं. त्यांचं तान्हं कैचीला टांगलेल्या झोळीत. एकदा आमचं यंत्र १८ दाखवत होतं. हरकत नसलेला आकडा. मावशी म्हणाल्या, त्या कोपऱ्यातली पिल्लं डोळं पुसाया लागलीत. मी म्हटलं, मावशी, १८ आहे, ठीक आहे. त्या काही बोलल्या नाहीत, मला हाताला धरून कोपऱ्यात नेलं. दोन पिल्लं डोळे मिटून पंखाच्या कडेने चोळत होती. वर पाण्याच्या लाइनीतलं एक निपल ठिबकत होतं, खाली तुसाची परातीएवढी ढेप झाली होती. बॅगेतली काचेची नळी काढली. ही नळी टोक तोडून पंपाने हवा ओढली की आतल्या पुडीचा रंग बदलत जातो. रंग ६० च्या खुणेपर्यंत चढला.

माझा किरण १२० मीटरची सरासरी सांगत होता. दोनशे फुटांतले एकशे नव्वद बरे आणि दहा नरक असले तरी सरासरी बरीच येणार. त्या दहा फुटांतल्या पिल्लाला सरासरी चालत नाही.

निपल बदललं, ढेप उचलून बाहेर टाकली, नवं तूस पसरलं. मावशींनी पडदा वरून चार बोटं खाली घेतला. हे चार बोटांचं माप त्यांचं. थंडी फार असेल तर दोन बोटं, पिल्लं मोठी असतील तर वीतभर. मग मी सहज मागे वळून पाहिलं. झोळीचा तळ माझ्या गुडघ्याला लागत होता. ठिबकणाऱ्या निपलपासून आठ-दहा पावलांवर.

तोवर आम्ही इतके आकडे तोंडपाठ केले होते: कोंबड्यांना २० की २५, डोळ्यांना इजा कितीला, वजन घटतं कितीला. माणसाचेही आकडे होते. अमेरिकेतल्या निऑश या कामगार-आरोग्य संस्थेने दिवसभराच्या कामासाठी २५ पीपीएम आणि पंधरा मिनिटांपुरते ३५ अशी मर्यादा सुचवलेली आहे. ते धडधाकट माणसाने दिवसाची पाळी करून घरी जायचं असं गृहीत धरून. इथे घरच शेडमध्ये होतं, आणि तान्ह्याचा आकडा मला कोणत्याही तक्त्यात सापडला नाही. मी मालकाशी बोलले. त्याने शेडबाहेर पत्र्याची खोली काढून दिली, पुढच्या वर्षी. 'पुढच्या वर्षी' हे शब्द मला अजून टोचतात, कारण आमच्या यंत्राची त्या शेडमधली किंमत खोलीच्या खर्चाहून जास्त होती.

कटू भागही सांगते. करारावर पक्षी वाढवणाऱ्या शेतकऱ्याला पिल्लं, खाद्य, औषध कंपनी देते. शेड, वीज, पाणी, तूस, कष्ट शेतकऱ्याचे. त्याला किलोमागे ग्रोइंग चार्ज मिळतो, तोही वजन, खाद्याचा हिशेब आणि मरतूक बघून. अशा एका कंपनीने आमची एकदम वीस यंत्रं घेतली. आम्ही पेढे वाटले. आकडे मोबाइलवरून थेट कंपनीच्या ऑफिसात जायचे, शेडमधला डिस्प्ले त्यांनी नको म्हणून सांगितलं. दोन बॅचनंतर हिशेबाच्या कागदावर नवी ओळ आली, शेड व्यवस्थापनात त्रुटी, म्हणून कपात. डिसेंबरची थंडी, गॅस ब्रूडरचा खर्च शेतकऱ्याच्या माथी, पडदा उघडला तर गॅस जातो आणि नाही उघडला तर अमोनिया. या कात्रीचा हिशेब कोणी केला नव्हता. आकडा मात्र होता, माझा.

जानेवारीत यंत्रं एकामागून एक आंधळी होऊ लागली. मी काचा पुसायचं कापड घेऊन गेले. पहिल्याच शेडमध्ये परावर्तकावर गोणपाट टांगलेलं. दुसऱ्यातही. शेतकरी माझ्याकडे बघत उभा होता, गोणपाट मी काढते की नाही ते पाहत. मी नाही काढलं. परत येऊन अहवालात 'प्रकाश अडला आहे' एवढंच लिहिलं, जे अक्षरशः खरं होतं. पुढे ते कंत्राट गेलं. माझ्या वरिष्ठांना मी काय केलं ते कळलं असावं, पण त्यांनी विचारलं नाही.

त्यानंतर आम्ही यंत्र बदललं. आकडा आधी शेडमध्ये दिसणार, तिथल्या माणसाला, मोठ्या अक्षरांत. बाहेर पाठवायचा की नाही ते शेडवाला ठरवणार. त्यामुळे धंदा कमी झाला. आकड्याशेजारी तीन दिवे दिले. हिरवा, लाल आणि पिवळा. पिवळा म्हणजे मला दिसत नाही, काच पुसा. त्याआधी तिथे इंग्रजीत 'लो सिग्नल' उमटायचं. मावशींना ते वाचता येत नव्हतं, आणि ज्यांना वाचता येत होतं त्यांना मोबाइलची रेंज गेली असं वाटायचं.

२०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीतून कोरोना होतो अशी अफवा उठली आणि पक्ष्याला कोणी विचारेना. खाद्याला पैसे नाहीत म्हणून लोकांनी पक्षी फुकट वाटले, पुरले. माझ्या ओळखीच्या तीन शेडमध्ये लेसर रिकाम्या शेडवरून जाऊन येत होता. आकडा १, कधी २. एवढी स्वच्छ हवा त्या यंत्रांनी आधी कधी पाहिली नव्हती. मी ते आकडे बराच वेळ बघत बसायचे आणि मग लॅपटॉप मिटायचे.

कंपनी आता नाही. गाळ्यात आता दुसराच उद्योग आहे. मी काचा आणि भिंगांच्या दुसऱ्या कामात आहे, वास नसलेल्या. पण जुन्या यंत्रांपैकी पाच-सहा अजून चालतात आणि फोन माझ्याकडेच येतात. मागच्या डिसेंबरात रात्री अकराला म्हशीवाल्या आजोबांच्या नातवाचा आला.

"आत्या, पिवळा लागलाय. पुसली काच, तरी जात नाही."

"दव आहे का?"

"नाही. गरम लागतीय काच."

"जाळं?"

"थांबा, बॅटरी मारतो." बराच वेळ नुसत्या कोंबड्यांचा आवाज. मग तो हसला. "पाल हाय. भिंगाला पोट लावून बसलीय. हाकलली तरी फिरून येतीय, ऊब सोडवंना तिला."

आमच्या हीटरला दव हटवायच्या कामाबरोबर हेही काम लागलं होतं. मी म्हटलं, बसू दे तिला, सकाळी जाईल. तोवर पडदा चार बोटं खाली घे.

"पण आकडा तर दिसत नाही."

"म्हणूनच."